बराच काळ उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर : साफ करूनही त्रास पुन्हा का उद्भवतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंदूरच्या रामबागेतल्या घरी तुमच्या वडिलांची 2003 सालची हीरो होंडा स्प्लेंडर जवळजवळ तीन वर्षे जिन्याखाली उभी होती. आता ती चोक दिल्यावर किकने सुरू होते, मात्र चोक काढला की दहा-पंधरा सेकंदांत बंद पडते, आणि अधूनमधून कार्ब्युरेटरखालच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाखालच्या) नळीतून पेट्रोल टपकते. मेकॅनिकने कार्ब्युरेटर एकदा उघडून हवा मारून दिला, त्यानंतर गाडी दोन दिवस व्यवस्थित चालली आणि मग पुन्हा पहिल्यासारखीच झाली. आता कार्ब्युरेटर नवाच बसवा असे तो सांगतो आहे, आणि तसे करावे का, हे तुम्हाला हवे आहे.

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा तपशील तुम्ही ओघात लिहून गेला आहात. साफ केल्यावर गाडी दोन दिवस नीट चालली, हाच तो तपशील. कार्ब्युरेटर झिजलेला किंवा तुटलेला असता, तर केवळ हवा मारून तो दोन दिवससुद्धा बरा झाला नसता. तो बरा झाला आणि पुन्हा बिघडला, याचा अर्थ त्याच्यात काहीतरी नव्याने येऊन अडकले, आणि त्याच्यात जे काही येते ते टाकीतून, कॉकमधून (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतून) आणि पेट्रोलच्या नळीतूनच येते. म्हणून माझे मत असे की नव्या कार्ब्युरेटरवर आज खर्च करू नये. टाकी आणि नळी तशीच ठेवून नवा कार्ब्युरेटर बसवला, तर त्याचीही थोड्याच दिवसांत हीच गत होईल.

गाडी समोर नसताना दिलेल्या उत्तराला मर्यादा असतात, त्या आधीच सांगतो. गाडी उभी केली तेव्हा टाकी भरलेली होती की तळाशी थोडेसेच पेट्रोल होते, कॉक बंद केला होता की चालूच राहिला होता, आणि जिन्याखाली पावसाळ्यात ओल येते का, यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे. पूर्ण भरलेल्या टाकीला आतून गंज कमी धरतो, कारण पत्र्याला हवा आणि बाष्प लागत नाही. अर्धवट टाकीचा वरचा, उघडा राहिलेला पत्रा मात्र तीन पावसाळ्यांत चांगलाच गंजू शकतो. कॉक चालू राहिला असेल, तर कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतले पेट्रोल जसजसे उडाले तसतसे टाकीतून नवे येत राहिले असणार, आणि प्रत्येक वेळी मागे चिकट थर साचत गेला असणार.

हा थर कशाचा असतो ते समजून घेतले, तर पुढचे काम का करायचे हे आपोआप कळते. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. साधारण 35 अंशांपासून 200 अंश सेल्सिअसपर्यंत निरनिराळ्या तापमानांना उकळणाऱ्या अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. गाडी उभी राहिली की हलके घटक आधी उडून जातात, जे थंड इंजिन चटकन पेटायला सर्वांत जास्त उपयोगी असतात. उरलेल्या जड घटकांवर हवेतल्या प्राणवायूची क्रिया होऊन डिंकासारखा पिवळसर-तपकिरी पदार्थ तयार होतो. टाकीचे झाकण उघडल्यावर पेट्रोलच्या नेहमीच्या वासाऐवजी वार्निशसारखा आंबूस वास आला, तर ते पेट्रोल वापरण्याजोगे राहिलेले नाही असे समजावे. त्यात इथेनॉलची भर पडते. 2023पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले, आणि त्याआधीही काही प्रमाणात इथेनॉल असेच. इथेनॉल हवेतले बाष्प शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. गाडी रिझर्व्हवर घेतली की कॉक नेमका हाच तळाचा थर ओढतो. तुमची गाडी तिसऱ्या दिवशी बिघडली तेव्हा तुम्ही ती रिझर्व्हवर घेतली होती का, हे आठवून पाहा.

आता चोकच्या लक्षणाकडे वळू. चोक दिल्यावर इंजिन चालते, म्हणजे ठिणगी मिळते आहे आणि दाबही कामापुरता आहे. बॅटरी बदलणे, कॉइल बदलणे अशा सल्ल्यांकडे तूर्त लक्ष देण्याचे कारण नाही. चोक हवेचा मार्ग आवळतो, त्यामुळे आतली ओढ वाढते आणि एरवीपेक्षा जास्त पेट्रोल खेचले जाते. चोक असतानाच इंजिन तग धरते, याचा अर्थ चोक नसताना त्याला पेट्रोल कमी पडते किंवा हवा जास्त मिळते. रेस न देता गाडी उभी असताना पेट्रोल पुरवण्याचे काम पायलट जेट, म्हणजे बारीक छिद्राचा एक पितळी भाग, करतो, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक स्लो जेट म्हणतात. रेसची मूठ साधारण एक अष्टमांश फिरवेपर्यंत मुख्यतः याच मार्गाने पेट्रोल येते. तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या (मुठीबरोबर वर-खाली सरकणाऱ्या भागाच्या) खालच्या कापाचा, पाव ते पाऊण मुठीपर्यंत स्लाइडमधल्या सुईचा आणि त्यापुढे मोठ्या छिद्राच्या मेन जेटचा प्रभाव असतो. गाडी मोठ्या रेसवर धावते पण स्लोवर टिकत नाही, अशी तक्रार असेल तेव्हा मेन जेटकडे पाहण्यात वेळ घालवू नये.

पायलट जेटच सर्वांत आधी का तुंबते, याचे उत्तर त्याच्या छिद्रात आहे. या आकाराच्या इंजिनांत ते छिद्र मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते, आणि मेन जेटचे छिद्र त्याच्या दुपटीहूनही मोठे असते. जो थर मेन जेटच्या कडेला नुसता चिकटून राहतो, तो पायलट जेट पुरते बंद करतो. शिवाय पायलट जेटच्या पुढे कार्ब्युरेटरच्या धातूत कोरलेला एक अरुंद मार्ग असतो, तो घशातल्या, म्हणजे हवा जाते त्या मोठ्या भोकाच्या तळाशी असलेल्या एकदोन बारीक छिद्रांत उघडतो. जेट साफ करून हा मार्ग तसाच राहिला, तर काम अर्धेच झाले असे म्हणावे लागेल.

उघडण्याआधी एक तपासणी अवश्य करा, कारण तिला पाच मिनिटे लागतात आणि ती बरेच काही सांगते. कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी एक निचऱ्याचा स्क्रू असतो. त्याखालच्या नळीशी काचेची स्वच्छ बाटली धरून तो सैल करा आणि वाटीतले पेट्रोल बाटलीत घ्या. मग कॉक चालू ठेवून आणखी थोडे पेट्रोल दुसऱ्या बाटलीत येऊ द्या, आणि दोन्ही बाटल्या अर्धा तास हलवू नका. तळाशी पाण्याचे गोळे किंवा वेगळा थर दिसला तर पाणी आहे. लालसर-तपकिरी भुकटी दिसली तर टाकी आतून गंजली आहे. काळे, मऊ तुकडे दिसले तर पेट्रोलची रबरी नळी आतून सुटते आहे. दुसऱ्या बाटलीतला प्रवाह बारीक असेल किंवा थोड्या वेळाने थांबत असेल, तर कॉकची जाळी तुंबली आहे किंवा टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बंद आहे. झाकण उघडताच प्रवाह वाढला, तर दोष झाकणाचा. हे सर्व मोकळ्या हवेत करा. जिन्याखाली, देव्हाऱ्यातल्या समईजवळ किंवा गॅस गीझर असलेल्या न्हाणीघराशेजारी हे काम करू नये. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोहोचते.

तुमच्या बाबतीत दुसऱ्या बाटलीत गंज दिसेल असा माझा अंदाज आहे. तसे झाले तर टाकी उतरवावी लागेल. जुने पेट्रोल पूर्ण काढा. ते गटारात ओतू नका, भाग धुण्यासाठी मेकॅनिक ते घेतो. कॉक आणि इंधनकाट्याचा फ्लोट काढून त्यांची भोके घट्ट बंद करा. गंज वरवरचा असेल, तर टाकीत मूठभर नट घालून, थोड्या पाण्याबरोबर टाकी चहूबाजूंनी हलवली तरी बराच सुटतो. नट आत टाकताना मोजा आणि बाहेर काढतानाही मोजा. गंज खोल असेल, तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत वापरावे. मी कोमट पाण्याच्या प्रत्येक लिटरला 50 ते 100 ग्रॅम घेतो, टाकी त्या पाण्याने काठोकाठ भरतो आणि रात्रभर ठेवतो. हे पाणी रंगावर सांडले तर लगेच धुऊन टाका. सकाळी टाकी रिकामी करून आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने भरपूर धुवा. यानंतरची घाई फार महत्त्वाची आहे, कारण उघडा पडलेला पत्रा ओला राहिला तर काही तासांत नवा गंज धरतो. उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच थोड्या पेट्रोलमध्ये इंजिन ऑइल मिसळून ते आतून सगळीकडे फिरवून काढून टाका. पत्र्याला बारीक भोके पडलेली असतील, तर मात्र हे उपाय पुरत नाहीत. तेव्हा टाकी डागवून घेणे किंवा बदलणे एवढेच उरते, आणि डागण्याचे काम पेट्रोलच्या टाक्यांची सवय असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

कॉकमध्ये टाकीत उभी राहणारी एक जाळी असते, ती ब्रशने साफ करा; फाटली असेल तर बदला. पेट्रोलची नळी वीस वर्षांची असेल तर ती न तपासता नवी घाला, कारण इथेनॉलने जुने रबर एकतर फुगते किंवा कडक होऊन आतून पापुद्रे सोडते. नव्या नळीत एक लहान फिल्टर बसवणे चांगले, पण कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत उतार कायम राहील असा तो बसवा. या गाडीत पेट्रोल पंपाने येत नाही, केवळ उतारावरून येते.

आता कार्ब्युरेटर. तो बाहेर काढल्यावर सर्वांत आधी, काहीही सैल न करता, मिश्रणाचा स्क्रू (स्लोवरचे हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने आत फिरवून तो किती वेढे उघडा होता ते मोजून कागदावर लिहा, आणि मगच तो काढा. त्याच्याबरोबर स्प्रिंग, लहान वॉशर आणि रबरी रिंग असते. रिंग आतच अडकून राहण्याची शक्यता फार असते, ती तारेच्या वाकवलेल्या टोकाने काढावी. वाटी उघडल्यावर फ्लोटची, म्हणजे वाटीतल्या तरंगत्या भागाची, पिन बाहेर ढकलावी लागते. ती घट्ट असेल तर ठोकू नये. ती पिन धरणारे जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामातले दोन खांब ठिसूळ असतात, आणि एक खांब तुटला की चांगला कार्ब्युरेटर खरोखरच टाकून द्यावा लागतो. थोडे गंज सोडवणारे तेल लावून थांबा, मग जाड सुईच्या बोथट टोकाने ढकला.

पायलट जेट काढताना त्याच्या खाचेत बरोबर बसणारा पेचकस घ्या, कारण जेट पितळेचे असते आणि खाच एकदा खराब झाली की काम फार अवघड होते. काही कार्ब्युरेटरांत हे जेट दाबून बसवलेले असते आणि बाहेर निघत नाही. तसे दिसले तर जोर लावू नका, जागेवरच साफ करा. जेट उजेडाकडे धरून त्यातून पाहा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अंधुक किंवा वाकडा ठिपका म्हणजे थर अजून आहे. आधी कार्ब्युरेटर क्लीनर मारून भिजत ठेवा, आणि तरीही मोकळे झाले नाही तर विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एकच बारीक तार वापरा. तांबे पितळेपेक्षा मऊ असल्याने छिद्र मोठे होत नाही. शिवणाची सुई, ब्लेड किंवा ड्रिल यांनी छिद्र किंचित जरी मोठे झाले, तरी गाडी कायम जास्त पेट्रोल पिऊ लागते आणि त्याचे कारण नंतर कुणाला सापडत नाही. तुमच्या मेकॅनिकने हवा मारली हे योग्यच केले, पण वाळून घट्ट झालेला थर नुसत्या हवेने निघत नाही. आधी तो विरघळावा लागतो. क्लीनर मारण्याआधी सर्व रबरी भाग काढून घ्या आणि डोळ्यांवर चश्मा लावा, कारण एका छिद्रातून मारलेला फवारा दुसऱ्या छिद्रातून थेट तोंडावर येतो. हा फवारा प्रत्येक मार्गातून पलीकडे निघताना दिसलाच पाहिजे. पायलट जेटच्या जागेतून मारल्यावर तो घशाच्या तळातल्या छिद्रांतून आणि मिश्रणाच्या स्क्रूच्या भोकातून आला नाही, तर पुन्हा भिजवा, पुन्हा मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा शेवटी वापरा.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: चोकचे लक्षण पायलट मार्गातला अडथळा दाखवते, आणि दोन दिवसांनी तक्रार परत येणे हे टाकी किंवा नळीतला कचरा दाखवते. दोन्ही कामे एकाच वेळी केली तरच उपयोग आहे.

पेट्रोल टपकणे ही वेगळी तक्रार वाटली, तरी तिचे मूळ बहुधा तेच आहे. वाटीत पेट्रोल ठरावीक पातळीला आले की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याची सुई आत येणारा मार्ग बंद करतो. सुईच्या टोकाखाली गंजाचा एक कण अडकला तरी मार्ग पूर्ण बंद होत नाही, आणि जादा पेट्रोल नळीतून बाहेर येते. सुईच्या रबरी टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर सुई बदला. फ्लोट कानाशी धरून हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळत असेल तर त्याला भोक पडले आहे. याच संदर्भात एका गोष्टीची आठवण करून देतो, जी आपल्या भागात नेहमी दिसते. कुंभारीण माशी या बारीक नळ्यांच्या तोंडाशी मातीचे घर करते. बाहेर टपकण्याचा मार्ग असा बंद झाला, तर जादा पेट्रोल घशातून सिलिंडरमध्ये आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणून ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल पातळ झालेले वाटले, तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका, कारण पातळ ऑइल बेअरिंग व सिलिंडर वाचवू शकत नाही. तीन वर्षांचे ऑइल तसेही बदलायचेच आहे. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घरटे नाही ना, तेही एकदा पाहून घ्या.

सर्व साफ करूनही चोक काढल्यावर गाडी बंद पडत असेल, तर हवेची गळती तपासा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जाड काळ्या इन्सुलेटरच्या दोन्ही बाजूंच्या रबरी रिंगा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने चपट्या होतात. इंजिन चालू असताना त्या सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडा; आवाज बदलला किंवा पाणी आत ओढले गेले, तर गळती तिथेच आहे. या रिंगांची किंमत नगण्य असते, म्हणून मी त्या दर वेळी नव्याच घालतो. दुरुस्तीच्या किटमधली जेटे मात्र शक्यतो वापरत नाही. पुष्कळदा त्यांच्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष छिद्र जुळत नाही. कंपनीची मूळ जेटे साफ करून पुन्हा बसवणे अधिक भरवशाचे.

जोडणी झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू तुम्ही लिहून ठेवलेल्या जागी आणा. नोंद नसेल तर दीड वेढ्यापासून सुरुवात करा. इंजिन नीट तापेपर्यंत ट्यूनिंग करू नका, विशेषतः इथल्या पौष-माघातल्या सकाळी. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो, म्हणजे आत फिरवल्यावर मिश्रणात पेट्रोल वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर नेमके उलट. तो हळूहळू फिरवून इंजिन जिथे सर्वांत जलद आणि एकसारखे चालते तिथे थांबवा, मग स्लोचा, म्हणजे रेस न देतानाची गती ठरवणारा, स्क्रू कमी करून गती साधारण 1400 फेऱ्यांवर आणा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे म्हणून जेट बदला, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. एवढ्या उंचीने पडणारा फरक या स्क्रूच्या आवाक्यातला आहे.

नवा कार्ब्युरेटर घेणे कधी योग्य ठरते, हेही सांगायला हवे. फ्लोटचा खांब तुटला असेल, पाण्यामुळे वाटीत आणि मार्गांत पांढरी भुकटी धरून धातूच खाल्ला गेला असेल, किंवा स्लाइड इतकी झिजली असेल की ती घशात खडखडते, तर दुरुस्तीचा आग्रह धरू नये. तेव्हाही कंपनीचाच, तुमच्या मॉडेलचा कार्ब्युरेटर घ्या. स्वस्त नकली कार्ब्युरेटर बसवल्यावर स्लो स्थिर करण्यात जो वेळ जातो, तो वाचलेल्या पैशांपेक्षा महाग पडतो.

पुढे गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करा आणि वाटी रिकामी करून ठेवा. एवढ्यानेच पायलट जेट वाचते. दोन-तीन महिन्यांसाठी टाकी पूर्ण भरून ठेवणे चांगले, पण वर्षभर किंवा अधिक काळ ठेवायची असेल तर आजच्या इथेनॉलयुक्त पेट्रोलने ती भरून ठेवू नये, रिकामी करून आतून ऑइल फिरवावे. आणि रस्त्यावर काढण्याआधी नोंदणी पाहा: 2003च्या गाडीची पंधरा वर्षांची मुदत कधीच संपली आहे, नूतनीकरण झालेले नसेल तर आधी ते करा.

हे सगळे करूनही अडचण राहिली, तर पुन्हा विचारताना चार गोष्टी कळवा: दोन्ही बाटल्यांत काय दिसले, मिश्रणाचा स्क्रू किती वेढे उघडा होता, पायलट जेटमधून उजेड कसा दिसला, आणि पाच किलोमीटर चालवून काढलेल्या प्लगचा रंग पांढरा, तपकिरी की काळा आहे. त्यांवरून पुढची पायरी नेमकी सांगता येईल.